स्मरणरंजन आणि गतकातरता : ब्रिटिश लोकप्रिय संस्कृतीतील 'साठचे दशक'

प्रस्तावना :

ब्रिटनच्या लोकप्रिय संस्कृतीचा विचार १९६० ते १९६९ या दशकाला वगळून करता येत नाही. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, किंक्स यांसारखे वाद्यवृंद, मेरी क्वांट यांचे कपडे, कार्नबी स्ट्रीटवरील दुकाने, मिनी मोटार, 'दि अव्हेंजर्स'सारख्या दूरचित्रवाणी मालिका या सर्वांनी मिळून त्या दशकाची एक प्रतिमा घडविली. एप्रिल १९६६ मध्ये 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने लंडनला 'स्विंगिंग सिटी' म्हटले आणि या प्रतिमेवर शिक्कामोर्तब झाले. दशक संपण्यास अजून चार वर्षे बाकी असतानाच त्याचे चित्र चौकटीत बसविले गेले होते. पुढे मार्च १९९७ च्या अंकात 'व्हॅनिटी फेअर' या दुसऱ्या अमेरिकन नियतकालिकाने लंडन पुन्हा एकदा तसेच झुलू लागल्याची ग्वाही मुखपृष्ठावरून दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर बीटल्सचे 'नाऊ अँड देन' हे गीत ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ज्याच्या आवाजात ते गायले गेले त्या जॉन लेनन यांच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ ४३ वर्षे होत आली होती.

साठच्या दशकाविषयीची ही ओढ म्हणजे आधुनिकतेच्या, बंडाच्या आणि तारुण्याच्या एका क्षणाविषयीची ओढ आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र त्या दशकातील महत्त्वाच्या कलाकृती नीट पाहिल्या तर एक वेगळी गोष्ट लक्षात येते. ते दशक स्वतःच मागे वळून पाहणारे होते. त्याचे मागे पाहणे आणि नंतरच्या पिढ्यांनी त्याच्याकडे मागे वळून पाहणे या दोहोंत गुणात्मक फरक आहे. हा फरक स्पष्ट करणे आणि त्यातून लोकप्रिय कलाकृतींच्या मूल्यमापनाचा एक निकष शोधणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. दोन मराठी संज्ञा :

'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा योहानेस होफर या स्विस वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये आपल्या प्रबंधात घडविली. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनली असून मुळात ती एका व्याधीचे नाव होती. मराठी समीक्षेत या संज्ञेसाठी 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन शब्द वापरले जातात आणि बहुधा ते एकमेकांचे पर्याय समजले जातात. वस्तुतः त्यांचा रोख भिन्न आहे. 'स्मरणरंजन' या शब्दात स्मरणापासून मिळणाऱ्या सुखावर भर आहे, तर 'गतकातरता' या शब्दात गेलेले परत येणार नाही या जाणिवेची व्याकुळता आहे.

स्वेतलाना बॉइम यांनी 'दि फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) या ग्रंथात हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारी आणि हरवलेपणावरच चिंतन करणारी असे नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांचा भेद आपल्या या दोन शब्दांशी तंतोतंत जुळत नाही. स्मरणरंजनाला घर पुन्हा उभारण्याचीही गरज वाटत नाही. घराचे चित्र त्याला पुरते. लोकप्रिय संस्कृतीच्या संदर्भात म्हणूनच मराठी शब्दांमधील भेद अधिक उपयोगी ठरतो.

२. मागे पाहणारे दशक :

साठच्या दशकाच्या मध्यावर लंडनमधील पोर्टोबेल्लो रोडवरच्या एका दुकानात जुने लष्करी गणवेश विकले जाऊ लागले. दुकानाच्या नावातच लॉर्ड किचनेर यांचा उल्लेख होता. तरुण संगीतकारांनी ते लाल, सोनेरी कलाबतूचे डगले अंगावर चढविले. या फॅशनमागे एक ऐतिहासिक कारण आहे. ब्रिटनमधील सक्तीच्या लष्करी सेवेसाठीची भरती १९६० अखेर थांबली आणि त्यानंतर वयात आलेल्या तरुणांना गणवेश घालावा लागला नाही. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर साम्राज्याचा दबदबाही ओसरला होता. जो पोशाख कालपर्यंत आज्ञापालनाचे चिन्ह होता, तो आज खेळण्याची वस्तू झाला. त्या डगल्यात साम्राज्याची आठवण होती आणि त्याची थट्टाही होती.

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेची कल्पना याच वृत्तीतून आली. आधुनिक ध्वनिमुद्रणतंत्राचा कळस मानल्या गेलेल्या या कृतीने एका जुन्या ब्रास बँडचा वेष धारण केला. त्यातील मि. काइट यांच्याविषयीचे गीत लेनन यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानात घेतलेल्या १८४३ मधील सर्कशीच्या जाहिरातपत्रकावरून रचले. त्या सर्कशीचे मालक पाब्लो फॅन्क हे नॉरिच येथे जन्मलेले कृष्णवर्णीय ब्रिटिश गृहस्थ होते. त्यांचे मूळ नाव विल्यम डार्बी. गीत ऐकणाऱ्या बहुसंख्य श्रोत्यांना हे ठाऊक नसते. या तपशिलाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

या प्रवृत्तीची सर्वांत परिपक्व अभिव्यक्ती मात्र किंक्स या वाद्यवृंदाच्या 'दि किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' या ध्वनिमुद्रिकेत आढळते. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी, म्हणजे बीटल्सची 'व्हाइट अल्बम' म्हणून ओळखली जाणारी ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये आली त्याच दिवशी, ती प्रसिद्ध झाली आणि विक्रीच्या यादीत तिला स्थानही मिळाले नाही. रे डेव्हिस हे तिचे गीतकार. शीर्षकगीतात गावच्या हिरवळीच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या एका काल्पनिक मंडळाचे सभासद काय काय जतन करावयाचे याची यादी देतात. जुनी घरे, मुरंबा, शेरलॉक होम्स अशा इंग्लिश गोष्टींच्या रांगेत डोनाल्ड डक हा अमेरिकन बदकही येऊन बसतो. ही गफलत अजाणतेपणी झालेली नाही. 'आपला' भूतकाळ म्हणून आपण जे कवटाळतो त्यात परके किती मिसळलेले असते, हे डेव्हिस हसत हसत दाखवून देतात. यादी जसजशी वाढते तसतसे हे मंडळ हास्यास्पद होत जाते. तरीही त्याच्याविषयीचा जिव्हाळा कमी होत नाही. उपरोध आणि माया यांचा असा तोल साधणे सोपे नाही.

याच ध्वनिमुद्रिकेत वॉल्टर नावाच्या बालमित्राला उद्देशून एक गीत आहे. निवेदकाला जुने दिवस आठवतात. पण वॉल्टर आता लठ्ठ, संसारी झाला असेल आणि भेट झालीच तर जुन्या गप्पांनी तो कंटाळून जाईल, हेही त्याला उमगते. दुसऱ्या एका गीतात प्रसिद्धीच्या मागे लागून गाव सोडलेला माणूस हिरवळीची आठवण काढतो, तेव्हा त्या हिरवळीवर अमेरिकन पर्यटक छायाचित्रे घेत असतात आणि त्याच्या मैत्रिणीने वाण्याच्या पोराशी लग्न केलेले असते. आणखी एक गीत वाफेच्या शेवटच्या आगगाडीविषयी आहे. ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंद केली होती. ज्याची आठवण काढावी ते डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे, आणि आठवणारा स्वतःही त्यापासून दूर गेलेला आहे, ही दुहेरी जाणीव हे या गीतांचे मर्म होय. डेव्हिस भूतकाळाला जवळ करतात ते त्याची किंमत सांगूनच. यालाच आपण गतकातरता म्हणू.

३. 'हार्टबीट' : न सरणारे दशक

नंतरच्या काळात साठच्या दशकाचे जे स्मरण रूढ झाले त्याचा नमुना म्हणून आयटीव्ही वाहिनीवरील 'हार्टबीट' या मालिकेकडे पाहता येईल. १९९२ ते २०१० अशी अठरा वर्षे ती चालली. निकोलस ऱ्हिया या टोपणनावाने लिहिलेल्या ग्रामीण पोलीस शिपायाच्या कथांवर ती आधारित होती. लंडनहून आपल्या डॉक्टर पत्नीसह यॉर्कशायरमधील एडन्सफील्ड या काल्पनिक गावी आलेला शिपाई हा तिचा पहिला नायक.

येथे काळाचे गणित लक्षात घेतले पाहिजे. दशक दहा वर्षांचे आणि मालिका अठरा वर्षांची. नट बदलले, पात्रे आली आणि गेली. परंतु साठचे दशक सरले नाही. मालिकेने गुन्हे, दारिद्र्य, मृत्यू दाखविले नाहीत असे नाही. मात्र प्रत्येक तंटा तासाभरात मिटावा आणि पार्श्वभूमीला परिचित गीत वाजावे ही तिची घडण होती. शीर्षकगीत मूळचे बडी हॉली या अमेरिकन गायकाचे, तेही १९५८ मधले. डेव्हिस यांच्या यादीतील डोनाल्ड डकप्रमाणे येथेही परके आणि आपले मिसळले आहे. फरक इतकाच की येथे ते कुणी दाखवून देत नाही. श्रोत्याने विसंगती ओळखावी ही अपेक्षाच उरलेली नाही. मालिकेला वातावरणाशी कर्तव्य आहे, वर्षाशी नाही.

अशा मालिकांना केवळ बाजारू म्हणून निकालात काढणे मात्र योग्य नव्हे. राफाएल सॅम्युएल यांनी 'थिएटर्स ऑफ मेमरी' (१९९४) मध्ये लोकांच्या जुन्या वस्तूंच्या, जत्रांच्या, छायाचित्रांच्या वेडाची बाजू मांडली आहे. इतिहास ही केवळ प्राध्यापकांची मिरास नाही, हा त्यांचा मुद्दा मान्यच करावा लागतो. वृद्ध प्रेक्षकाला आपल्या तारुण्यातील मोटारसायकल पडद्यावर पाहून आनंद झाला तर त्यात गैर काही नाही. प्रश्न निर्माण होतो तो हे सुखद चित्र हाच त्या काळाचा पुरावा मानला जाऊ लागतो तेव्हा.

४. 'लास्ट नाइट इन सोहो' : उपचार की व्याधी?

एडगर राइट दिग्दर्शित 'लास्ट नाइट इन सोहो' (२०२१) हा चित्रपट याच प्रश्नाला भिडतो. कॉर्नवॉलहून लंडनला फॅशनचे शिक्षण घेण्यास आलेल्या एलोइजला साठच्या दशकाचे वेड आहे. रात्री स्वप्नात ती त्या काळच्या सॅन्डी नावाच्या होतकरू गायिकेच्या आयुष्यात शिरते. सुरुवातीचा झगमगाट लवकरच ओसरतो आणि सॅन्डीला पुरुषांच्या हवाली करणारा बाजार दिसू लागतो. रीटा टशिंगहॅम, टेरेन्स स्टॅम्प आणि डायना रिग या त्याच दशकात नावारूपाला आलेल्या कलावंतांना दिग्दर्शकाने वृद्ध भूमिकांत उभे केले आहे. आठवणीतील चेहऱ्यांना वय असते, हे त्यातून विनासंवाद सांगितले जाते. रिग यांचा हा अखेरचा चित्रपट. तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रपटाचा पूर्वार्ध या दृष्टीने फार मोलाचा आहे. परंतु शेवटाकडे येताना त्याचे धैर्य कमी पडते. त्या काळाची सावली अनुभवूनही एलोइजच्या अखेरच्या फॅशन प्रदर्शनात साठच्या दशकाचीच वळणे झळकतात आणि तेथे तिला यश लाभते. ज्या मोहाची किंमत दाखविली, तोच मोह बक्षीस म्हणून परत दिला जातो. गतकातरतेपर्यंत पोहोचलेली ही कृती पुन्हा स्मरणरंजनाकडे वळते.

५. गाळलेली नावे :

स्मरणरंजनाचा खरा दोष खोटे सांगण्यात नसून गाळण्यात आहे. १९६३ मध्ये ब्रिस्टलमधील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला, कारण तेथील बस कंपनी वाहक-चालक म्हणून त्यांना नोकरी देत नव्हती. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण केले. गणवेशाचे डगले आणि हा द्वेष एकाच दशकाचे आहेत. झुलणाऱ्या लंडनच्या चित्रात पहिले राहते, दुसरे क्वचितच येते.

भारतीय वाचकाला या गाळणीचा एक प्रत्यय संगीतातच मिळतो. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' (१९६६) मधील 'लव्ह यू टू' या गीतात तबला वाजविणारे अनिल भागवत यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर्स'मधील 'विदिन यू विदाउट यू' या गीतात वाजविणाऱ्या भारतीय वादकांची नावे मात्र छापली गेली नाहीत. नटवर सोनी, अमृत गज्जर, अण्णा जोशी, बुद्धदेव कंसारा ही नावे प्रकाशात येण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईतील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत स्थानिक वादकांकडून जे संगीत ध्वनिमुद्रित करून घेतले, त्यावर 'दि इनर लाइट' हे गीत उभे राहिले आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्याला आज 'ब्रिटिश साठचे दशक' म्हटले जाते त्याचा थोडासा भाग मुंबईत घडला आहे. त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर शेकडो मैल दुरून निवडलेले प्रसिद्ध चेहरे दाटीने उभे आहेत. आत तबला वाजविणारा माणूस मात्र निनावी आहे. पाब्लो फॅन्क यांचे नाव गीतात आहे, पण ते कोण होते हे विस्मृतीत गेले. सोनी आणि गज्जर यांचे वादन गीतात आहे, पण नाव नाही. विस्मरणाचे हे दोन मार्ग एकाच ध्वनिमुद्रिकेत भेटतात.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की साठच्या दशकाविषयीचे स्मरण ही टाकून देण्याची वृत्ती नाही. त्या दशकाने स्वतःच आपल्याला चांगल्या स्मरणाचा धडा घालून दिला आहे. हरवलेल्या गोष्टीवर माया करावी, पण ती आपल्यामुळेही हरवली आहे हे विसरू नये. आपल्या यादीत परके काय आहे ते ओळखावे आणि यादीबाहेर कोण राहिले तेही विचारावे. भूतकाळावर आधारलेल्या लोकप्रिय कलाकृतीचे मूल्य ती किती हुबेहूब आहे यावर ठरविण्यापेक्षा ती स्मरणाची किंमत सांगते की नाही यावर ठरविणे अधिक न्याय्य होईल. या निकषावर १९६८ मध्ये न खपलेली ध्वनिमुद्रिका अठरा वर्षे चाललेल्या मालिकेपेक्षा श्रेष्ठ ठरते. साठच्या दशकावर प्रेम करणाऱ्यांनी त्याची गाणी जरूर ऐकावीत; मात्र ऐकताना तबला कोण वाजवीत आहे, हा प्रश्नही सोबत ठेवावा.