छावणीतले हसू : स्पाइक मिलिगन आणि आपण

नगरहून भिंगारकडे जाताना भुईकोट किल्ला मागे पडला की छावणीचा मुलूख सुरू होतो. ब्रिटिश लष्करातल्या एका आयरिश सैनिकाला १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला मुलगा झाला : टेरेन्स अॅलन, पुढे स्पाइक मिलिगन म्हणून गाजलेला विनोदकार. ‘तो आमचा नगरचा’ असे अधूनमधून अभिमानाने सांगितले जाते. परंतु जन्मदाखला विनोदाचे मूळ सांगत नाही. ते त्याच्या लेखनातच शोधावे लागते.

त्याचे बालपण पुण्यातली कॉन्व्हेंट शाळा आणि रंगून यांत गेले. वडील लिओ हौशी नट होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब लंडनच्या कॅटफर्ड भागात गेले आणि छावणीतला साहेबाचा मुलगा तिथे एका सामान्य, तंगीतल्या घरातला परका पोरगा झाला. पुढे युद्धात, जानेवारी १९४४ मध्ये, तो इटलीत कासिनोच्या आघाडीवर जखमी झाला आणि मनानेही खचला. त्यानंतर सैनिकांच्या करमणुकीच्या पथकांत वाजवता-हसवता त्याची रंगमंचाची वाट पक्की झाली.

‘द गून शो’ (१९५१–६०) या बीबीसीवरील श्रुतिकामालेचे बहुतांश लेखन त्याचे. त्याच्या ताणाने १९५२ च्या अखेरीस त्याला रुग्णालयात राहावे लागले. या मालेतला मेजर ब्लडनॉक भित्रा, पैशाला हपापलेला आणि तिखट रश्शाने पोट बिघडलेला आहे. पीटर सेलर्सने त्याला आवाज दिला. मला हा मेजर छावणीतूनच आलेला वाटतो. ज्या गणवेशापुढे नेटिवांनी सलाम ठोकायचा, त्याच्या आतला पोकळपणा घरातल्याच मुलाने पाहिला होता.

मात्र याच मालेत लालकाका आणि बॅनर्जी हेही आहेत. हेल काढून इंग्रजी बोलणारे हे हिंदी गृहस्थ मिलिगन आणि सेलर्स रंगवत. १९६९ च्या ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत तर मिलिगनने तोंडाला रंग फासून पाकिस्तानी-आयरिश कामगार उभा केला. जॉनी स्पाइटने लिहिलेली ती मालिका सहा भागांतच बंद करण्यात आली. वर्णद्वेष्ट्यांची टर उडवणे हा तिचा हेतू होता, असे म्हटले जाते. तसे असले तरी हसू येते ते रंगवलेल्या माणसाचेच.

इथे आपला सोंगाड्या आठवतो. तोही राजाची, कोतवालाची खिल्ली उडवतो, पण बोर्डासमोर मातीत बसलेल्या माणसाच्या बोलीत. मिलिगनला साहेबाची नक्कल अचूक जमली, कारण तो साहेबाच्या घरात वाढला. खानसाम्याचे बोलणे त्याने ऐकले ते हुकमाला दिलेले उत्तर म्हणून. खानसामा आपल्या माणसांत साहेबावर कसा हसत असेल, ते त्याच्या कानी आले नाही.

म्हणून नगरमध्ये त्याच्या नावाची पाटी लागलीच, तर तिच्यावर ब्लडनॉकबरोबर लालकाकाचाही उल्लेख असावा. दोघेही छावणीतलेच आहेत.