संगीत नाटक मंडळ्यांची फूट आणि भूमिकांचा वारसा

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नाटक मंडळी फुटण्याच्या प्रसंगाला बहुधा गृहकलहाचे रूप दिले जाते. कोण कोणावर रुसला, भागीदारीत कोणाचा वाटा किती, ऋण कोणाच्या माथी आले, याची चर्चा विस्ताराने होते. चरित्राच्या दृष्टीने हा भाग उपयुक्त असला, तरी तेवढ्याने समीक्षेचे काम पुरे होत नाही. फुटीनंतर नाटकाचे व गायनाचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. आणि तो विचारला म्हणजे फूट ही निव्वळ हानी होती, हा रूढ समज टिकत नाही.

किर्लोस्कर नाटक मंडळीचा उदय १८८० साली पुण्यात झालेल्या ‘शाकुंतला’च्या प्रयोगातून झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली वारले, भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. तरी मंडळी उभी राहिली. १९०५ साली तीत आलेले बालगंधर्व १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे टेंबे यांनीही तिच्यातून निघून शिवराज मंडळी काढली. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. त्यापूर्वीच, १९०८ साली, केशवराव भोसले यांनी स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडून हुबळी येथे ललितकलादर्श उभारली होती.

या घडामोडींचे फळ पाहावयाचे तर ‘मानापमाना’तील धैर्यधर ही एकच भूमिका पुरेशी आहे. खाडिलकरांचे हे नाटक १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा नानासाहेब जोगळेकर धैर्यधर होते. त्याच वर्षी ते निवर्तले. पुढे ही भूमिका केशवरावांच्या तडफदार, चढ्या आवाजात महाराष्ट्राने ऐकली. आणि दीनानाथांनी तर तीतील काही पदांना अगदी निराळे वळण दिले. वालचंदनगरसारख्या ठिकाणी साखर कारखान्यातील पाळी बदलली, तरी पोत्यात साखर तीच भरली जात असे. नाटक मंडळीत मात्र गायक बदलला की भूमिकेचा रसच पालटे. सर्व गायक एकाच मंडळीत राहिले असते, तर एकाने धैर्यधर करावयाचा व इतरांनी विंगेत उभे राहून ऐकावयाचे, अशीच स्थिती झाली असती. फुटीने प्रत्येकाला स्वतःचा रंगमंच दिला, आणि नाटक समाईक असल्यामुळे रसिकांना तुलनेची जागा मिळाली.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील वाद्यवृंदांच्या इतिहासाशी याचे साम्य लक्षणीय आहे. १९६७ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फ्लीटवुड मॅक’ या वृंदाचे नाव त्याच्या ढोलवादकाच्या व बेसवादकाच्या आडनावांवरून पडले. प्रमुख गिटारवादक पीटर ग्रीन १९७० साली गेला. पुढे नवे गायक आले, संगीताची जातही पालटली, आणि नाव मात्र तेच राहिले. परंतु येथे एक भेद आहे. त्या वृंदांत गीत बहुधा रचणाऱ्या गायकाशीच बांधलेले असते. तो गेला की त्याची गीते परक्या कंठात उपरी वाटतात. संगीत नाटकात पद हे पात्राचे असते, नटाचे नव्हे. म्हणून नट गेला तरी जागा रिकामी राहत नाही. ती पुढच्याला आव्हान देत उभी असते.

निरनिराळ्या मंडळ्यांतील श्रेष्ठींनी क्षणभर एकत्र यावे, हा योगही या इतिहासात आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व व ललितकलादर्श यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले. बालगंधर्व भामिनी व केशवराव धैर्यधर, असा तो योग होता. या प्रयोगाची आख्यायिका झाली ते योग्यच. तथापि तिला कळस मानून बाकीच्या वर्षांना पायरी समजणे चूक ठरेल. दोन भिन्न गायकी त्या रात्री समोरासमोर आल्या, त्या आधीची कित्येक वर्षे स्वतंत्रपणे वाढल्या होत्या म्हणूनच. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले.

मात्र फूट स्वतःच्या बळावर फळ देत नाही, हेही तितकेच खरे. गंधर्व मंडळीला ‘स्वयंवरा’सारखे नवे नाटक आणि भास्करबुवा बखल्यांसारखे संगीतकार लाभले, म्हणून तिचे वैभव वाढले. किर्लोस्कर मंडळीचे नाव मोठे होते; पण भूमिका पेलणारे गेल्यावर त्या नावाला उतरती कळा आली. ललितकलादर्शाचे उदाहरण याउलट आहे. केशवरावांच्या मागे बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा वाहिली व वरेरकरांची नाटके आणली. बापूराव १९३७ साली गेल्यावर भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली, आणि १९६० साली तिने गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगभूमीवर आणले. येथे नाव टिकले ते नव्या नाटकाच्या जोरावर.

यावरून मंडळीच्या मोठेपणाची कसोटी ठरते. ती कोणाला धरून ठेवू शकली, यापेक्षा तिने भूमिका कोणाच्या हाती सोपविली आणि त्या हातांना नवे काय दिले, हे पाहावयास हवे. रुसव्याफुगव्यांच्या कथा रंजक खऱ्या. परंतु त्यांतच रमलेला इतिहास, एकाच धैर्यधराचे इतके वेगळे आवाज ऐकावयास विसरतो.