खुर्चीची भूक आणि ‘सिंहासन’

जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) मी परवा रातपाळीवरून आल्यावर पाहिला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, पटकथा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्याची खुर्ची ओढणारा अर्थमंत्री श्रीराम लागू. पिक्चर मोठा आहे, वाद नाही. पण दोस्तहो, माझं एक भांडण आहे.

इथं सगळ्यांची भूक एकाच जातीची. ज्याच्याकडं आहे त्याला आणखी पाहिजे. ज्याच्या बापाला कुणी कधी ‘बस’ म्हटलं नाही, त्याला खुर्ची कशाला पाहिजे, हा प्रश्न या पिक्चरला पडतच नाही.

मला तो पडला. मागं आमच्या गावच्या पुढाऱ्यानं मला राखीव वॉर्डातून उभं राहा म्हणून बोलावलं. माझा आजा त्याच्या वाड्यात जोड्यांपाशी बसायचा. मला खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. ‘या कवी, बसा’ म्हणाला. खोटं कशाला बोलू, छातीत काहीतरी हललं. वस्तीचं पाणी, घरकुलं नंतर आठवली. आधी वाटलं, आता गाव मला ‘अहो’ म्हणेल. ही नुसती हाव नव्हे, जखम आहे. आणि ती कुठं आहे हे पुढाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. तो तिथंच फुंकर घालतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब आले होते. वतन म्हणजे काय? रात्रंदिवस गावकीची राबणूक, बदल्यात जमिनीचा तुकडा आन् बलुतं. तरी ‘आम्ही वतनदार’ म्हणताना जुनी माणसं मिशीला पीळ द्यायची. त्या मानापायी गुलामी सुटत नव्हती. म्हणून १९२८ सालीच बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल आणलं होतं.

आजचं राखीव पद असंच नवं वतन होऊ शकतं. नाव आपलं, सही आपली, हुकूम वाड्याचा.

म्हणून पदाला लाथ मारा असं मी म्हणत नाही. जागा हक्काची आहे. पण १९५१ साली हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्रिपद सोडून उठले. तसं उठता येईल का, हे बसायच्या आधी विचारावं.

‘सिंहासन’च्या शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. आपलं हसून भागणार नाही. ही जखम आपल्यापैकीच कुणीतरी लिहिली पाहिजे. त्या पुढाऱ्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

जयभीम.