राउटरवरील वर्गवारी आणि ज्ञानाची उतरंड : एक चिकित्सा

महाविद्यालयातील राउटरवर बँडविड्थची मर्यादा आणि वाहतुकीचे वर्गीकरण ठरविण्याचे काम बहुधा प्रयोगशाळा सहायकाकडे किंवा बाहेरील कंत्राटदाराकडे सोपविले जाते. ते निव्वळ तांत्रिक आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच चिकित्सा करावयाची आहे.

मर्यादा आणि वर्गीकरण या दोन गोष्टी भिन्न आहेत. मर्यादेची रीत साधी आहे. ठरावीक वेगाने भरणाऱ्या बादलीतून प्रत्येक पॅकेटने आपल्या आकाराइतकी टोकन घ्यावयाची. बादली रिकामी असेल तर थांबावयाचे किंवा गळून पडावयाचे. जोडणी एक आणि वापरणारे शेकडो असतील, तर असे बंधन अपरिहार्यच होय. (ही मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी ठेवावी लागते. अन्यथा रांग सेवादात्याच्या यंत्रात तुंबते आणि आपले नियम कागदावरच राहतात.)

प्रश्न उद्भवतो तो वर्गीकरणात. पोर्ट क्रमांक, पत्ता आणि संकेतस्थळाचे नाव पाहून राउटर पॅकेटला वर्ग देतो. प्रचलित तक्त्यांत कार्यालयीन काम व ई-नियतकालिके वरच्या वर्गात, तर व्हिडिओ ‘मनोरंजन’ या शिक्क्यासह तळाशी असतो. आज बहुतांश वाहतूक कूटबद्ध असून ४४३ याच पोर्टवरून धावते. त्यामुळे राउटरला व्हिडिओ ओळखता आला, तरी त्याचे प्रयोजन कळत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ची अनेक व्याख्याने यूट्यूबवरूनच पाहिली जातात, तीही याच शिक्क्याखाली येतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात ही बाब अधिक गंभीर ठरते. येथे मराठीसोबत गोंडी, कोलामी व बंजारा या भाषा बोलल्या जातात. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रत ई-ग्रंथालयातून मागविली, तर ती वरच्या वर्गातून विनाविलंब येईल. मात्र केळापूर वा झरी जामणीकडील एखाद्या कोलाम वृद्धेच्या गाण्याचे ध्वनिचित्रमुद्रण विद्यार्थिनीला अभ्यासावयाचे असेल, तर ते अडखळत येईल. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला ध्वनिचित्रमुद्रण हेच मूळ साधन असते. छापील ते ज्ञान आणि बोललेले ते करमणूक, हा जुनाच पूर्वग्रह येथे नियमाच्या एका ओळीत लिहिला गेला आहे, आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांना मनाई केली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने आशयानुसार भेदभाव न करण्याचे तत्त्व स्वीकारले. ही बंधने परवानाधारक सेवादात्यांवर आहेत, महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावर नाहीत. म्हणजे सेवादात्याने केले असता आपण ज्याचा निषेध करू, तेच आपल्या आवारात निमूटपणे चालते.

सर्व प्राधान्य त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. ऑनलाइन सभेतील आवाजाची पॅकेटे लहान असतात आणि त्यांना विलंब सोसत नाही. त्यांना आधी वाट देण्यास तांत्रिक कारण आहे. विलंब किती सोसतो, हा निकष मोजता येतो. आशयाची योग्यता राउटरला मोजता येत नाही. म्हणून वाटप आशयानुसार न करता माणसामागे करणे अधिक न्याय्य होय. २०१८ च्या आरएफसी ८२९० मध्ये वर्णिलेली पद्धत प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देते व त्यात काय आहे हे विचारत नाही. तथापि एकच वापरकर्ता अनेक प्रवाह उघडून जास्त वाटा घेऊ शकतो. त्यामुळे आधी वापरकर्त्यांत समान विभागणी करून मग प्रत्येकाच्या वाट्यात ही पद्धत योजावी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ अन्वये प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते व तीत विद्यार्थी प्रतिनिधींनाही स्थान आहे. राउटरवरील नियमांचा तक्ता सोप्या मराठीत लिहून या समितीपुढे ठेवावा आणि मंजुरीनंतर ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावावा. आपले ध्वनिचित्रमुद्रण कोणत्या वर्गात पडते, हे त्या विद्यार्थिनीला तेथे उभे राहून वाचता येईल व हरकत नोंदविता येईल.