पंचेचाळीसचा वर्ग

२०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. खरी मजा तिथून पुढे सुरू होते.

एक ते नऊचे पाढे शेजारी शेजारी मांडा. प्रत्येक पाढा नऊपर्यंतच. एक्क्याऐंशी घरं भरतील. एकाच्या पाढ्याची बेरीज ४५, दोनाच्या पाढ्याची ९०, नवाच्या पाढ्याची ४०५. म्हणजे ४५ ची एकपट, दुप्पट असं करत नऊपटीपर्यंत. सगळं मिळून ४५ गुणिले ४५. उजळणीतला अख्खा तक्ता २०२५ मध्ये मावला.

आता तोच तक्ता काटकोनात वाचा. तिनाच्या ओळीने तिसऱ्या घरापर्यंत जा आणि तिथून सरळ वर वळा: ३, ६, ९, ६, ३. बेरीज २७, तिनाचा घन! चाराचा काटकोन ४, ८, १२, १६, १२, ८, ४; बेरीज ६४, चाराचा घन. असं का? तिनाच्या काटकोनातून ३ बाहेर काढले की आत १, २, ३, २, १ उरतात आणि त्यांची बेरीज ९. एकापासून चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी रांग नेहमी वर्गच देते. नऊ काटकोनांत तक्ता संपतो, म्हणून एक ते नऊच्या घनांची बेरीजही २०२५. घनांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग, हा नियम ‘आर्यभटीया’च्या गणितपादात आहे. तो पाठ असणं वेगळं आणि पाढ्यांत असा उलगडताना पाहणं वेगळं.

२७ आणि ३६ यांच्या वर्गांची बेरीजही २०२५ येते, पण ती ३-४-५ या त्रिकुटाची नऊपट. उसनी ऐट, मला ती फारशी भावत नाही.

२०२५ मधोमध तोडली की मात्र चकित व्हायला होतं. २० आणि २५. बेरीज ४५, म्हणजे जिचा वर्ग केला तीच संख्या. अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचं नाव आहे. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांचं अशा गोष्टींबद्दल मत बरं नव्हतं. १९४० च्या आपल्या पुस्तकात, अंकांच्या असल्या करामती कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत काही नाही, असा निकाल त्यांनी देऊन टाकला होता.

पण कारण शोधून तर पाहू. २०२५ म्हणजे २० शतकं आणि वर २५. त्यातून २० अधिक २५ वजा केले की उरतात ९९ गुणिले २०. तेव्हा ४५ चा वर्ग वजा ४५, म्हणजेच ४५ गुणिले ४४, याला ९९ ने भाग जायला हवा. ४५ मध्ये ९ दडलेला, ४४ मध्ये ११. झालं काम.

यावर हार्डींचा पक्ष म्हणेल, हा दहाच्या पायाचा प्रताप. दुसऱ्या पायात लिहा, गंमत संपेल. मग आठाच्या पायात लिहू. तिथे शेवटचा अंक ७. एक ते सातची बेरीज २८, तिथल्या लिखाणात ३४, कारण तीन अठ्ठे आणि वर चार. २८ चा वर्ग ७८४. तोच एक ते सातच्या घनांची बेरीजही. आठाच्या पायात तो लिहिला जातो १४२०. तोडा: १४ आणि २०. बेरीज ३४!

विषम पायाला हे जमत नाही, सम पाया मात्र कोणताही घ्या. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायात एक ते पंधराची बेरीज १२०, तिचा वर्ग १४,४००. तो म्हणजे २५६ गुणिले ५६, अधिक ६४. छप्पन आणि चौसष्ट, एकशे वीस.