विनामूल्य कोश, विनामूल्य ग्रंथ आणि मराठीचा वर्ग

कोशवाङ्मय सुलभ झाले तर भाषेच्या अध्यापनाला ते उपकारकच ठरेल, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश पाहावयाचा म्हणजे एके काळी ग्रंथालयातील जाड खंड काढून घ्यावे लागत, आणि तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात ते असतीलच असा भरवसा नसे. आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश, आणि त्यांच्या जोडीला तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९), कोणाही अध्यापकास विनामूल्य पाहता येतात. मराठी विश्वकोशही महाजालावर खुला आहे, आणि मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथ एकेक करून येत आहेत. हा उपकार मोठा आहे; तो मान्य करूनच पुढील टीका करावयाची आहे.

छापील ग्रंथ हाती येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे वर्ष, त्याची आवृत्ती, संपादकाची प्रस्तावना आणि संक्षेपांची यादी ही सर्व सामग्री येते. संकेतस्थळाला शब्द विचारला असता नोंद येते; ग्रंथ येत नाही. ग्रंथाचे नाव पृष्ठावर कोठेतरी असते, नाही असे नाही; परंतु घाईने अर्थ शोधणारा विद्यार्थी तेथे थांबत नाही, आणि वर्गापूर्वी दहा मिनिटे तयारी करणारा अध्यापकही बहुधा थांबत नाही.

याचा परिणाम अगदी साध्या ठिकाणी जाणवतो. एका पदव्युत्तर वर्गात ‘काही’ हा शब्द मोल्स्वर्थमध्ये पाहावयास सांगितले असता, ‘असा शब्द कोशात नाही’ असे उत्तर मिळाले. कोशातील रूप ‘कांहीं’ असे आहे. लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले, त्यापूर्वीच्या कोशांत अनुच्चारित अनुस्वार असावयाचाच. छापील खंड चाळणाऱ्याची नजर आपोआप जवळच्या शब्दावर जाऊन पडते. यंत्र मात्र टंकलेल्या अक्षरांशी अक्षरे जुळवते, आणि अनुस्वार गाळून शोधणाऱ्याच्या हाती इष्ट नोंद लागेलच असे सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला मराठी लेखनाचा इतिहास शिकविलेला नाही, त्याला हा कोश अर्धाच उघडा आहे.

महाराष्ट्र शब्दकोशाची (१९३२–१९५०) गोष्ट याहून गंभीर आहे. त्या कोशाचे खरे मोल अर्थात नाही, अवतरणांत आहे. नोंदीतील ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘एभा.’ म्हणजे एकनाथी भागवत, ‘तुगा.’ म्हणजे तुकारामाची गाथा. हे ज्याला ठाऊक आहे त्याला एकाच नोंदीत शब्दाचा तीन-चार शतकांचा प्रवास दिसतो, आणि त्यावर एक तास उत्तम शिकविता येतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ती अक्षरे छपाईतील कचऱ्यासारखी वाटतात. विद्यार्थी ती वगळून उरलेला अर्थ वहीत उतरवितात. संशोधनसाधनाचे रूपांतर अशा रीतीने शब्दार्थाच्या वहीत होते.

मोल्स्वर्थच्या बाबतीत काळाचा प्रश्न येतो. शिकागोच्या संकेतस्थळावरील पाठ दुसऱ्या, म्हणजे १८५७ च्या आवृत्तीचा आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची. दुसऱ्या आवृत्तीस जोडलेला मराठी भाषेवरील जॉन विल्सनचा निबंध शब्द शोधणाऱ्यास वाटेत भेटत नाही. म्हणून कोशकार कोण, त्यांना शब्द सांगणारे कोण, आणि हे सारे कोणत्या राजवटीत चालले, हे प्रश्नच वर्गात उपस्थित होत नाहीत. जातिवाचक शब्दांच्या नोंदींत त्या काळची समाजदृष्टी उघड दिसते. ग्रंथाच्या पानावर ती १८५७ ची म्हणून वाचली जाते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तीच नोंद आजचा कोशार्थ म्हणून वाचली जाण्याचा धोका आहे, आणि ज्या विद्यार्थ्याच्या समाजाचे नाव त्या नोंदीत आले असेल त्याच्या दृष्टीने हा केवळ संपादनशास्त्राचा प्रश्न नव्हे. विश्वकोशासंबंधीही थोडक्यात असेच म्हणता येईल: पहिला खंड १९७६ चा आहे, त्यातील विज्ञानविषयक नोंदी त्या वर्षाच्या समजून वाचाव्यात.

या सर्व साधनांत विकिस्रोताची पद्धत आम्हास अधिक सरळ वाटते. तेथे मूळ पानाची प्रतिमा आणि टंकलेला पाठ शेजारी-शेजारी असतात. पान तपासावयाचे राहिले असल्यास तांबडी, एकदा तपासले असल्यास पिवळी, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासले असल्यास हिरवी अशी खूण असते. पाठ अशुद्ध असू शकतो. पण तो अशुद्ध असू शकतो हे लपविलेले नाही. पाठचिकित्सा शिकविण्यास याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणे कठीण.

तथापि विनामूल्य ग्रंथसंग्रहाला एक भिंत आहे, आणि ती अध्यापकाने पाहिलेली बरी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर सामान्यतः साठ वर्षे हक्क टिकतो. त्यामुळे फुले, आगरकर, केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी हे मोकळे आहेत. १९५६ मध्ये निवर्तलेले मर्ढेकरही २०१७ पासून मोकळे झाले. पण अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. बाबूराव बागुलांचा २०६८ पर्यंत, नामदेव ढसाळांचा २०७४ पर्यंत. केवळ फुकट मिळेल तेवढ्यावर अभ्यासक्रम बेतणाऱ्या अध्यापकाच्या वर्गात मराठी साहित्य मर्ढेकरांच्या आसपास संपते, आणि दलित साहित्य सुरूच होत नाही. असा अभ्यासक्रम कोणी हेतुपुरस्सर आखणार नाही. परंतु सोयीने तो आखला जातो, आणि अलीकडे काही टिपणांत व प्रकल्पविषयांत तो दिसूही लागला आहे.

त्यावर उपाय नाही असे नाही. कायद्याचे ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट देते, आणि दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सुटीचा अर्थ बराच उदारपणे लावला. बागुलांची एक कथा किंवा ढसाळांच्या चार कविता वर्गापुरत्या छापून वाटण्यास अध्यापकाने कचरण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी मूळ पुस्तक कोणीतरी विकत घेतलेले असावे लागते. विभागाच्या ग्रंथालयाची या वर्षीची खरेदी ठरविताना ही गोष्ट विचारात घ्यावी.