जोते, छत आणि मधली पोकळी

सिडनीच्या ऑपेरा हाउसची रूढ कथा सर्वपरिचित आहे. १९५७ मध्ये २३३ प्रवेशिकांमधून डॅनिश वास्तुकार यॉर्न उत्झॉन यांची निवड झाली. १९६६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या नव्या सरकारशी बिनसल्याने त्यांनी काम सोडले आणि अंतर्भाग पीटर हॉल व सहकाऱ्यांनी पुरा केला. आतली सभागृहे उणी ठरली ती केवळ यामुळे, असे मानले जाते. मूळ आराखडा पाहिला की हा निष्कर्ष अर्धाच खरा ठरतो.

बेनेलाँग पॉइंट हे समुद्रात घुसलेले चिंचोळे टोक. त्यावर उत्झॉन यांनी एकच भव्य जोते कल्पिले. त्याची प्रेरणा मेक्सिकोतील माया मंदिरांचे चौथरे. दोन्ही सभागृहे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. प्रेक्षक पायऱ्या चढून रंगमंचाच्या बाजूने पुढे जातो आणि समोर बंदर उलगडते. हा प्रवेश अपूर्वच. पण त्याची किंमत रंगमंचाने मोजली: विंगांना जागाच उरली नाही. नेपथ्य जोत्याच्या पोटातून वर आणायचे ठरले. ही अडचण १९६६ ची नव्हे, पहिल्या रेखाटनातली आहे.

छताचे कोडे १९६१ मध्ये सुटले. सर्व कवचे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायची. त्यामुळे बरगड्या ठरावीक साच्यांत ओतता आल्या. उत्तर देखणे, पण ते बांधकामाच्या प्रश्नाचे. आतल्या नादाचा आणि आसनांचा प्रश्न तसाच राहिला.

पुढे मोठे सभागृह केवळ वाद्यवृंदासाठी ठरले, बसवलेली रंगमंच-यंत्रणा काढली गेली आणि ऑपेरा धाकट्या सभागृहात, वादकांच्या अपुऱ्या खड्ड्यासह, ढकलला गेला. हा दोष मात्र उत्तरकालीन निर्णयाचा. तेव्हा हॉल यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे, तसे उत्झॉन यांना निर्दोष मानणेही भाबडेपणाचे. १९७३ मध्ये उद्‌घाटन झालेली ही पूर्ण वास्तू उत्झॉन यांनी कधीच पाहिली नाही. २००८ मध्ये ते गेले.

प्रयोगासाठी बांधलेल्या वास्तूची परीक्षा खुर्चीत बसून व्हायला हवी. त्या परीक्षेत ऑपेरा हाउस काठावर पास होते. त्याचे निर्विवाद यश जोत्याच्या पायऱ्यांवर आहे. तिथे बसायला तिकीट लागत नाही.